धमनीतला धुमसता दाह

बीड जिल्ह्यात ‘क्रिएटिनिन’ हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. परळीत, माजलगावात, आष्टीत कुठल्याही लॅबबाहेरच्या बाकावर बसा. “आमच्या दाजींचं चारवर गेलंय,” हे वाक्य कानावर येतेच. त्यामागून येणारा प्रश्नही ठरलेला असतो: “डायलिसिसला बसवलं का?” आजाराची सगळी भीती त्या एका यंत्राभोवती गोळा झाली आहे. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, एसटीचा प्रवास, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी हे ज्या घराने सोसले आहे, त्याला ही भीती खोटी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पण ती अपुरी आहे. पुढची प्रकरणे वाचणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी म्हणून ही प्रस्तावना लिहितो आहे: मूत्रपिंडाचा आजार जडलेल्या माणसाच्या जिवाला पहिला धोका बहुतेकदा हृदयाकडून आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडून असतो, आणि तो डायलिसिसच्या कितीतरी आधी सुरू होतो.

अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या सुमारे २८ हजार रुग्णांच्या नोंदी पाच वर्षे तपासून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार तिसऱ्या टप्प्यात असलेल्यांपैकी पाच वर्षांत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत पोचले १.३ टक्के. त्याच काळात मृत्यू पावले २४.३ टक्के. आपल्याकडचा रुग्ण वयाने लहान असतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे बीडला लावू नयेत. दिशा मात्र तीच आहे. क्रिएटिनिन दोन-अडीचवर स्थिरावलेला, हिंडता-फिरता, शेतात जाणारा माणूस एके पहाटे छातीत कळ येऊन जातो, तेव्हा गाव म्हणते, “किडनीचं होतं, पण गेला हार्ट अटॅकनं.” गावाच्या लेखी हे दोन आजार असतात. मुळात तो एकच आजार, दोन ठिकाणी दिसलेला.

वैद्यकाला हे उमगायला एक विलक्षण प्रसंग कारणी लागला. १९६० पर्यंत डायलिसिस म्हणजे काही दिवसांची तगमग होती, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि वाहिन्या संपत. त्या वर्षी मार्चमध्ये सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरांनी टेफ्लॉनची कायमस्वरूपी नळी रुग्णाच्या हातात बसवली. रुग्ण होता क्लाइड शील्ड्स, बोइंग कंपनीतला मशिनिस्ट. काही दिवसांचा सोबती मानलेला हा माणूस त्यानंतर अकरा वर्षे जगला. १९७१ मध्ये तो गेला तो हृदयविकाराच्या झटक्याने. मूत्रपिंडाचे काम यंत्राने सांभाळले होते. धमन्या मात्र आपल्या वाटेने कडक होत गेल्या होत्या. १९७४ मध्ये स्क्रिबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या ३९ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतले २३ जण दगावले होते आणि त्यांपैकी १४ मृत्यू धमन्यांच्या आजाराने झाले होते. या रुग्णांच्या धमन्या वयाच्या मानाने फार लवकर म्हाताऱ्या होतात, हे त्या लेखाने पहिल्यांदा ठामपणे सांगितले.

किती लवकर? २००० साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी लहानपणापासून मूत्रपिंडाचा आजार असलेल्या तरुणांच्या हृदयाच्या धमन्यांचे स्कॅन काढले. वीस ते तीस वयाच्या डायलिसिसवरच्या १६ जणांपैकी १४ जणांच्या धमन्यांत कॅल्शियम साचलेले आढळले. त्याच वयाच्या ६० निरोगी तरुणांत ते फक्त तिघांच्या धमन्यांत होते. वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांच्या हृदयाच्या धमन्यांत चुना! इतके झाल्यावर हा म्हातारपणाचा किंवा नुसत्या कोलेस्टेरॉलचा खेळ आहे, असे म्हणायची सोय उरली नाही.

मग आत घडते काय? धमनीला आतून एक अतिशय नाजूक अस्तर असते. रक्त वाहताना हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते, पेशी चिकटू देत नाही. मूत्रपिंड मंदावले की जी द्रव्ये लघवीवाटे जायला हवीत ती रक्तात साचतात आणि त्यांतली काही याच नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीत खोडा घालतात. रक्तातला युरिया आतड्यात उतरतो, तिथल्या जिवाणूंची घडी बिघडते, आतड्याचे अस्तर झिरपू लागते आणि जिवाणूंचे विषारी अंश रक्तात येतात. रक्तात आम्ल वाढते. दाह पेटवणारी इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्ये एरवी मूत्रपिंड काही अंशी निपटून काढते. तेही काम रखडते. परिणामी शरीरात राखेखाली विस्तव धुमसावा तसा मंद दाह वर्षानुवर्षे राहतो. ताप नाही, दुखणे नाही, पायाला सूज असेलच असेही नाही. माणसाला त्याचा पत्ताच लागत नाही.

पत्ता लागतो तो रक्तातल्या खुणांवरून. त्यांतली सर्वांत परिचित खूण म्हणजे सीआरपी. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला, जो न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभित्तीतल्या ‘सी’ नावाच्या शर्करेशी बांधला जात होता. रुग्ण बरा झाला की तो नाहीसा होई. हाच सीआरपी. इंटरल्युकिन-६ ने इशारा दिला की यकृत तो तयार करते. कोविडच्या लाटेत एचआरसीटीच्या स्कोअरबरोबर हा शब्द आपल्या गावागावांत पोचला आणि घरोघरी फायलींत त्याचे कागद जमले. पण कोविडमध्ये पाहिलेला सीआरपी पन्नास, शंभर, दोनशे असा उसळणारा होता. धमनीच्या आजाराचा सीआरपी फार हळू आवाजात बोलतो. लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, एक ते तीन मधला आणि तीनच्या वर जास्त, असे अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये ठरवले. साध्या सीआरपी तपासणीत इतका बारीक आकडा पकडता येत नाही. त्यासाठी ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ प्रकारची तपासणी करावी लागते. दहाच्या वर आकडा आला तर धमनीचा विचार बाजूला ठेवून कुठे जंतुसंसर्ग आहे का ते आधी शोधायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे. एक सूचना इथेच देतो. काही लॅब हा आकडा लिटरला देतात, काही डेसीलिटरला. लिटरला पाच म्हणजे डेसीलिटरला अर्धा. रिपोर्टवरचे एकक न वाचता दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून लोक घाबरतात किंवा निर्धास्त होतात.

दुसरी खूण थेट धमनीत दिसते. रुग्णाला उताणे झोपवून मान किंचित वळवतात, जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब गळ्याच्या बाजूला टेकवतात. पडद्यावर कॅरॉटिड धमनी आडवी पसरलेली दिसते, तिच्यातली रक्ताची जागा काळी आणि खालच्या भिंतीवर दोन उजळ समांतर रेघा. त्या दोन रेघांमधले अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी. इटलीतल्या पिन्योली यांनी १९८६ मध्ये ही मोजणी धमनीच्या प्रत्यक्ष तुकड्यांशी ताडून दाखवली. निरोगी तरुणात हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, ०.९ ओलांडले की भिंत बिघडली असे युरोपातले रक्तदाबतज्ज्ञ धरत आले. ज्वारीच्या दाण्याच्या जाडीहून कितीतरी कमी असलेले हे अंतर वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने वाढते आणि तरीही मोजता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या दोन खुणा एकत्र आणल्या त्या स्टॉकहोमच्या पीटर स्टेनव्हिंकेल आणि त्यांच्या गटाने, १९९९ मध्ये. डायलिसिस सुरू होण्याआधीच्या १०९ रुग्णांचा त्यांनी सीआरपी पाहिला, गळ्याच्या धमन्या मोजल्या आणि पोषणाची स्थितीही तपासली. दाह, धमन्यांचा आजार आणि कुपोषण या तीन गोष्टी हातात हात घालून चालताना आढळल्या. ज्याच्या अंगावर मांस उरले नव्हते, त्याचा सीआरपी चढलेला होता आणि त्याच्याच धमन्या जास्त बिघडलेल्या होत्या. त्याच वर्षी जर्मनीतल्या २८० डायलिसिस रुग्णांच्या अभ्यासातही सीआरपी जितका जास्त तितके मृत्यू जास्त, असे दिसले. बीडच्या वाचकासाठी यातला कुपोषणाचा धागा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. हृदयविकार म्हणजे खाऊन-पिऊन सुस्तावलेल्यांचा आजार ही आपली जुनी समजूत. मूत्रपिंडाच्या रुग्णात ती उलटी पडते. २००४ मध्ये ८२३ डायलिसिस रुग्णांवरच्या अभ्यासात दिसले की दाह आणि कुपोषण असलेल्यांत कोलेस्टेरॉल कमी असणे ही आनंदाची बातमी नसते. ते शरीर झिजल्याचे चिन्ह असते.

म्हणून पथ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ‘किडनी’ म्हटले की आपल्याकडे ताटातून एकेक पदार्थ उठवला जातो. डाळ बंद, अंडे बंद, फळ बंद, दूध बंद. महिन्याभरात माणूस भाकरी आणि पाणचट वरणावर येतो. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन साडेतीनच्या खाली घसरते, दंड सुकतात आणि घरचे म्हणतात, “पथ्य कडक पाळतोय बघा.” डायलिसिसच्या आधी प्रथिने आवरती घ्यावी लागतात हे खरे, पण आवरती म्हणजे बंद नव्हे. आणि एकदा डायलिसिस सुरू झाले की गरज उलट वाढते: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम. जे खरोखर तोडायचे ते मीठ: लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, ठेच्यावर वरून घातलेली चिमूट. त्याबरोबर पाकिटातला खाऊ आणि काळी शीतपेये, कारण त्यांतला फॉस्फेट धमनीच्या भिंतीत चुना भरायला हातभार लावतो. दाह असताना त्या चुन्याला रोखणारे फेट्युइन-ए नावाचे प्रथिन रक्तात कमी होते, म्हणजे नुकसान दुहेरी.

आता जिल्ह्याकडे वळतो, पण पुण्याजवळच्या एका अभ्यासाच्या वाटेने. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन होते जेमतेम २.७ किलो; दिसायला किरकोळ, पण अंगात चरबीचा वाटा जास्त. कमी वजनाच्या बाळाच्या मूत्रपिंडात गाळण्याही कमी असू शकतात, कारण त्यांची संख्या जन्माआधीच ठरते, नंतर एकही नवी तयार होत नाही. १९८८ मध्ये बॅरी ब्रेनर यांनी मांडले की कमी गाळण्या घेऊन जन्मलेल्याला पुढे रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा आजार गाठण्याची शक्यता जास्त. मराठवाड्यात दुष्काळाच्या साली ज्या बाया खडी फोडत पोटुशा राहिल्या, त्यांची लेकरे आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. आजच्या रुग्णाच्या फायलीत त्याचे जन्मवजन कुठेच लिहिलेले नसते. डॉक्टरांनी निदान विचारून तरी पाहावे.

आणि ऊसतोड. दिवाळीच्या आसपास टोळ्या उठतात, मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता सांगली-कोल्हापूरकडे, नगर-पुण्याकडे, बेळगावकडे निघतो. पहाटे फडात, मोळ्या डोक्यावर, गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. बायका लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात. कंबर मोडली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी, आणि ती रोज. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, ऊस तोडणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडे शुगर-बीपी नसताना निकामी होतात हे दोन दशकांहून अधिक काळ नोंदले गेले आहे. उन्हातले कष्ट आणि शरीरातले पाणी आटणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. आपला हंगाम बराचसा थंडीत जातो, म्हणून दोन्ही ठिकाणे एका तागडीत तोलू नयेत. पण मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधीचे ऊन, कोरडे पडलेले शरीर आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या हा मेळ मूत्रपिंडाला कुठेही घातक आहे. निकाराग्वात पाणी, विश्रांती आणि सावली एवढ्यावर भर देऊन कामगारांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी करता आली. हे आपल्या कारखान्यांना न परवडणारे नाही.

ऊसतोड करणाऱ्या बायांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या बातमीवर तेव्हा संताप झाला आणि विरला. पण ज्यांचे गर्भाशयाबरोबर अंडाशयही तरुणपणी काढले गेले, त्यांच्या धमन्यांचे नैसर्गिक संरक्षण अकाली गेले आहे. त्यांचा रक्तदाब, त्यांची लघवी, त्यांचे क्रिएटिनिन दरवर्षी पाहिले जाणे हा त्यांचा हक्क आहे, आणि ते कुणी पाहत नसेल तर ती आपल्या सगळ्यांची लाज आहे.

दाह वाढवणाऱ्या काही गोष्टी अगदी हाताशी असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पहिली तोंड. मिश्री लावून लावून हिरड्या सुटलेल्या, दात हलणारे, ब्रशला रक्त. हा दाहाचा चालता कारखानाच. हिरड्यांवर नीट उपचार झाले की सीआरपी थोडा का होईना उतरतो. मूत्रपिंडाच्या किती रुग्णांना डॉक्टर तोंड उघडायला सांगतात? दुसरी गोष्ट मानेतली नळी. डायलिसिसची वेळ अचानक आली की मानेत कॅथेटर घालतात. ते जंतूंना उघडे दार ठरते आणि दाह चालू ठेवते. त्यापेक्षा मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला कितीतरी सुरक्षित. त्यावर बोट ठेवले की रक्ताची थरथर जाणवते; रुग्णाने ती रोज सकाळी तपासावी. पण फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात आणि त्यासाठी शिरा शाबूत असाव्या लागतात. इथे आपल्या सलाईनच्या वेडाचा संबंध येतो. अशक्तपणा आला, लावा सलाईन. चक्कर आली, लावा सलाईन. दहा वर्षांत डाव्या हाताच्या शिरा दोरीसारख्या होतात आणि ज्या दिवशी फिस्टुला करायचा, त्या दिवशी सर्जनला शीरच सापडत नाही. क्रिएटिनिन वाढलेल्या प्रत्येकाने डावा हात राखून ठेवावा (डावखुऱ्याने उजवा) आणि सुई लागलीच तर ती पंजाच्या मागच्या बाजूला घ्यावी.

उपचारांच्या प्रकरणांत तपशील येईलच. इथे दोन गोष्टी. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी, म्हणजे स्टॅटिनने, आजाराच्या आधीच्या टप्प्यांत फायदा होतो. ९,२७० रुग्णांच्या ‘शार्प’ चाचणीत, जिच्यात स्टॅटिनला इझेटिमाइबची जोड होती, २०११ मध्ये धमन्यांच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. पण डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्यांदा ती गोळी दिली, तर तसा फायदा दोन मोठ्या चाचण्यांत दिसला नाही. याचा अर्थ मला सरळ दिसतो: धमनी वाचवायची ती वेळेत. दुसरी गोष्ट, थेट दाहावर घाव घालणारी औषधे. इंटरल्युकिन-६ ला अडवणाऱ्या झिल्टिवेकिमॅब या इंजेक्शनने २०२१ च्या एका चाचणीत मूत्रपिंडाच्या २६४ रुग्णांपैकी ज्यांना सर्वांत मोठा डोस मिळाला, त्यांचा सीआरपी ९२ टक्क्यांनी खाली आला. आशा वाटावी असाच हा आकडा आहे. पण आकडा उतरणे आणि माणूस वाचणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे या विषयाने अनेकदा शिकवले आहे. आज हाताशी असलेली औषधे त्यामानाने स्वस्त आहेत: रक्तदाबाची आणि लघवीतले प्रथिन रोखणारी जुनी गोळी, आणि डापाग्लिफ्लोझिन, जिचा मूत्रपिंडाला व हृदयाला होणारा लाभ २०२० मध्ये ४,३०४ रुग्णांत सिद्ध झाला आणि जी आता अनेक भारतीय कंपन्या बनवतात.

खुणांबद्दल इतके लिहिल्यावर एक इशारा दिलाच पाहिजे. ही प्रकरणे वाचून कुणी लॅबमध्ये जाऊन हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी, इंटरल्युकिन आणि गळ्याची सोनोग्राफी असे पॅकेज करून घेऊ नये. धमनीच्या भिंतीची जाडी सरसकट प्रत्येक रुग्णात मोजू नये, असे अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनीच २०१३ मध्ये सांगितले. संशोधनात या मोजण्या अनमोल आहेत. एका रुग्णाचा उपचार त्यांच्यामुळे क्वचितच बदलतो. जो पैसा त्यांच्यावर जाईल त्यात बीपीच्या गोळ्यांचे कितीतरी महिने निघतात. ज्या खुणा फायलीत आधीच पडून असतात त्या मात्र वाचाव्यात: अल्ब्युमिन घसरते आहे का, लोहाची इंजेक्शने घेऊनही हिमोग्लोबिन का चढत नाही, साध्या सीबीसीमधले न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे प्रमाण काय सांगते. आणि सगळ्यांत आधी लघवीतले अल्ब्युमिन. क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी ते दिसू लागते, आणि ते जसे गाळणीचे दुखणे सांगते तसे सगळ्या अंगातल्या धमन्यांच्या अस्तराचेही.

अंबाजोगाईत १९७० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले ते खेड्यातल्या माणसाला मोठ्या शहराची वाट धरावी लागू नये म्हणून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसही बसते. म्हणजे शेवटच्या टप्प्याची सोय काही प्रमाणात झाली आहे. राहिला आहे तो पहिला टप्पा. दसऱ्याला टोळ्या जुळायला लागतात, तेव्हा माणसे गावात असतात. त्या पंधरवड्यात आशाताईंनी आणि उपकेंद्राने प्रत्येक कोयत्यातल्या दोघांचा रक्तदाब मोजावा, लघवीत प्रथिन आहे का ते पट्टीवर पाहावे, ज्यांचे आढळेल त्यांचे क्रिएटिनिन करून घ्यावे, हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या द्याव्यात आणि रिपोर्टचा फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये काढून द्यावा, म्हणजे कराडच्या किंवा बेळगावच्या डॉक्टरला मागचे सगळे कळेल. दुखण्याच्या कोणत्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्यांची नावे मुकादमालाही सांगून ठेवावीत, कारण फडावर गोळ्यांची पुडी बऱ्याचदा त्याच्याच खिशातून निघते.